३०६० की ४०६०: भाच्याचा प्रश्न आणि चोडणची फेरीबोट

चवथीच्या सुट्टीत म्हापशाहून आमच्याकडे फोंड्याला आलेल्या भाच्याने जेवण उरकताच मोबाइलवर एक तक्ता उघडून माझ्यापुढे धरला. डाव्या रकान्यात एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स आरटीएक्स ३०६० हे संगणकाचे ग्राफिक्स कार्ड, उजव्या रकान्यात आरटीएक्स ४०६०, आणि खाली पंचवीस-तीस ओळी आकडे. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हापशाच्या एका दुकानात त्याने दोन्ही कार्डे पाहून ठेवली होती, ४०६० कोरे आणि ३०६० वापरलेले. "मामा, याच्यात पंधरा टेराफ्लॉप्स आहेत आणि त्याच्यात पावणेतेरा. वॅट कमी, वेग जास्त. मग विचार करायचा तो कशाचा?" असे त्याने विचारले. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी.

प्रश्न मला विचारण्याचे कारण म्हणजे ३०६० माझ्या टेबलाखाली २०२१ पासून चालू आहे. शिगम्याच्या चित्ररथांचे आराखडे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभे करणे आणि आसपासच्या गावांत जत्रेला, काल्याला होणाऱ्या मराठी नाटकांची चित्रणे संकलित करणे या दोन कामांसाठी मी ते घेतले. त्या वर्षी आभासी चलनाच्या खाणकामामुळे बाजारात कार्डे मिळत नव्हती आणि ३२९ डॉलर या जाहीर किमतीशी दुकानातल्या किमतीचा काहीही संबंध उरला नव्हता, ही सल वेगळी. पण भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी नीट देता आले नाही, म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. या लेखात तोच हिशेब सविस्तर मांडला आहे.

प्रथम टेराफ्लॉप्स हा आकडा येतो कुठून ते पाहू, कारण तो मोजलेला नसतो, गुणाकार करून काढलेला असतो. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारी लहान एकके, आहेत आणि त्यांची जाहीर बूस्ट गती, म्हणजे भार पडल्यावरची वाढीव गती, १७७७ मेगाहर्ट्झ आहे. प्रत्येक कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि त्याला जोडून एक बेरीज करू शकतो, आणि या जोडीला दोन क्रिया मानण्याचा प्रघात आहे. ३५८४ गुणिले २ गुणिले १.७७७ म्हणजे १२,७३७ गिगाफ्लॉप्स (सेकंदाला तितके अब्ज क्रिया), अर्थात १२.७४ टेराफ्लॉप्स. ४०६० मध्ये कोअर कमी आहेत, ३०७२. परंतु गती २४६० मेगाहर्ट्झ असल्याने गुणाकार १५.११ वर जातो. म्हणजे नव्या कार्डात जवळजवळ एक सप्तमांश कामगार कमी केले, उरलेल्यांचा हात ३८ टक्क्यांनी जलद केला, आणि एकूण १९ टक्क्यांची वाढ पदरात पडली. गंमत अशी, की याला 'सैद्धान्तिक कमाल' म्हणतात खरे, पण पुरेसा गारवा मिळाला तर दोन्ही कार्डे प्रत्यक्षात जाहीर बूस्ट गतीच्याही थोडी वर धावतात. तेव्हा ही कमाल तितकीशी कमाल नाही.

गती एवढी कशी वाढली याचे उत्तर चिपच्या घडणीत आहे. ३०६० ची जीए१०६ ही चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर तयार झाली आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे २७६ चौरस मिलिमीटर आहे. ४०६० ची एडी१०७ चिप टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या ४एन या बऱ्याच पुढच्या प्रक्रियेवर तयार झाली आणि ती अवघी १५९ चौरस मिलिमीटरांची आहे. लहान ट्रान्झिस्टर कमी विजेवर जलद उघडझाप करतात, म्हणूनच जुन्या कार्डाची १७० वॅटची मर्यादा नव्यात ११५ वर आली. एका वॅटमागे ३०६० सुमारे ७५ गिगाफ्लॉप्स देते आणि ४०६० सुमारे १३१. या एका बाबतीत दोन पिढ्यांतले अंतर निर्विवाद आहे, आणि त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

हिशेब इथे थांबला असता तर भाच्याचा तर्क बरोबर ठरला असता. २०२३ च्या जूनमध्ये ४०६० बाजारात आणताना कंपनीनेही फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमांच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घालणे) न वापरता ते ३०६० पेक्षा संगणकीय खेळांत सरासरी २० टक्के पुढे असल्याचे सांगितले होते, आणि १९ व २० हे आकडे इतके जवळचे आहेत की टेराफ्लॉप्सवर कोणाचाही विश्वास बसावा. मात्र हाच विश्वास एक पिढी मागे नेऊन पाहिला की तो कोलमडतो. २०१९ च्या आरटीएक्स २०६० मध्ये १९२० कोअर आणि ६.४५ टेराफ्लॉप्स होते. त्या हिशेबाने ३०६० दुपटीला जवळजवळ पोचलेले कार्ड ठरते, परंतु खेळांमध्ये त्याची आघाडी दुपटीच्या आसपासही गेली नाही. ज्यांनी टेराफ्लॉप्स पाहून २०६० विकले त्यांची निराशा झाली असणार.

या फरकामागचे कारण कोअर या शब्दात दडलेले आहे. २०६० च्या पिढीत, म्हणजे ट्युरिंगमध्ये, प्रत्येक गणनगटात दशांश संख्यांसाठी ६४ आणि पूर्णांकांसाठी वेगळे ६४ गणक होते, आणि कोअर म्हणून फक्त पहिले ६४ मोजले जात. ३०६० च्या ॲम्पिअर पिढीत पूर्णांकांच्या ६४ गणकांना दशांश संख्यांचेही काम शिकवले गेले आणि एका रात्रीत कोअरची संख्या १२८ झाली. गणनगट मात्र ३० वरून २८ वर आले होते. आता ज्याला दोन्ही कामे येतात तो एका वेळी एकच करू शकतो. खेळांत दर १०० दशांश आज्ञांमागे सरासरी ३६ पूर्णांक आज्ञा येतात, असे एनव्हिडियानेच ट्युरिंगच्या वेळी प्रसिद्ध केले होते. तेच प्रमाण धरले तर १३६ आज्ञांपैकी १०० च दशांशांच्या वाट्याला येतात, आणि ३०६० चे १२.७४ टेराफ्लॉप्स साधारण ९.४ वर उतरतात. २०६० चे ६.४५ तसेच राहतात, कारण त्याचे पूर्णांकांचे गणक स्वतंत्रच होते. दुपटीची दीडपट इथेच झाली.

४०६० च्या ॲडा लव्हलेस पिढीत गणनगटाची ही रचना बदललेली नाही. २८ गटांऐवजी २४ गट आहेत, पण प्रत्येक गटातली वाटणी तीच आहे. म्हणून ३०६० आणि ४०६० यांची टेराफ्लॉप्सवर तुलना करणे निदान न्याय्य तरी आहे, दोन्हींना एकाच प्रमाणात कात्री लागते. वेगवेगळ्या रचनेच्या कार्डांचे टेराफ्लॉप्स शेजारी मांडण्याला मात्र काही अर्थ नाही, मग ती दोन कंपन्यांची असोत वा एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांची.

इथवर फक्त कामगार मोजून झाले. त्यांच्या हाताशी माल किती वेगाने येतो, हा प्रश्न अजून बाकी आहे, आणि माझ्या मते या दोन कार्डांतला खरा फरक तिथेच आहे.

रायबंदरहून मांडवीतल्या चोडण बेटावर फेरीबोटीने जाणाऱ्या कोणालाही बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहून येते ते, समजावून सांगावी लागू नये. चोडणात घर बांधायला दहा गवंडी असोत की शंभर, नदीपलीकडून रेती आणि सिमेंट फेरीबोटीनेच यायचे असेल तर काम फेरीबोटीच्या वेगाने होते. कार्डावरील स्मृती आणि चिप यांच्यामधली फेरीबोट म्हणजे मेमरी बस. ३०६० ची बस १९२ बिटांची आहे आणि तिच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला १५ गिगाबिट जातात; १९२ ला १५ ने गुणून ८ ने भागले की ३६० गिगाबाइट प्रतिसेकंद हा आकडा मिळतो. ४०६० मध्ये जीडीडीआर६ स्मृतीचा वेग १७ गिगाबिट केला, पण बस १२८ बिटांवर आणली, त्यामुळे बँडविड्थ २७२ गिगाबाइट प्रतिसेकंद झाली. नव्या कार्डाची फेरीबोट जुन्यापेक्षा २४ टक्के लहान आहे. भाच्याच्या तक्त्यात ही ओळ होती, परंतु ती अठराव्या क्रमांकावर होती आणि तिथवर त्याचे बोट पोचलेच नव्हते.

दोन आकड्यांचा भागाकार केला की चित्र स्वच्छ होते. ३०६० ला आपली पूर्ण ताकद वापरायची असेल तर स्मृतीतून आणलेल्या प्रत्येक बाइटवर सुमारे ३५ क्रिया झाल्या पाहिजेत, आणि ४०६० ला सुमारे ५६. ज्या कामात एका बाइटवर यापेक्षा कमी क्रिया होतात, तिथे कोअर रिकामे बसून राहतात आणि टेराफ्लॉप्सचा आकडा निरुपयोगी ठरतो. टोकाचे उदाहरण घेऊ. दोन मोठ्या रांगांतील संख्यांची एकास एक बेरीज करून तिसरी रांग लिहायची आहे. चार बाइटांच्या दोन संख्या वाचायच्या, एक लिहायची, म्हणजे १२ बाइट वाहतूक आणि क्रिया एकच. ३०६० वर सेकंदाला जास्तीत जास्त ३० अब्ज बेरजा होतील, ४०६० वर साडेबावीस अब्जांच्या किंचित वर. १५,११० गिगाफ्लॉप्सची क्षमता असलेले कार्ड इथे अवघे २३ गिगाफ्लॉप्स देते, म्हणजे एका टक्क्याचा सुमारे सातवा भाग, आणि 'मंद' ठरलेले ३०६० त्याला मागे टाकते.

आता कोणी म्हणेल की असे असूनही ४०६० खेळांत २० टक्के पुढे कसे राहते. त्याचे उत्तर तक्त्यांत बहुधा छापलेच जात नाही अशा एका ओळीत आहे. ३०६० च्या चिपमध्ये दुसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे चिपच्या आतलीच लहान पण जलद स्मृती, ३ मेगाबाइट आहे. ४०६० मध्ये ती २४ मेगाबाइट आहे, आठपट. चोडणातच एक मोठे गोदाम उघडावे आणि रोज लागणारा माल तिथे भरून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. जे वारंवार लागते ते एकदा आणले की पुन्हा नदी ओलांडावी लागत नाही. कंपनी याच आधारावर ४०६० ची 'परिणामी' बँडविड्थ ४५३ गिगाबाइट असल्याचे सांगते, म्हणजे वाहतुकीचा सुमारे ४० टक्के भार गोदाम उचलते असे गृहीत धरते. हा आकडा मी तुलनेत घेत नाही. गोदामात माल सापडण्याचे प्रमाण कामागणिक बदलते आणि ते कार्डाच्या तपशिलात बसवता येत नाही.

ते कसे बदलते याचा अंदाज मात्र साध्या गुणाकाराने येतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्याचे एक चित्र, ठिपक्याला चार बाइट धरले तर, ८.३ मेगाबाइट भरते. २४ मेगाबाइटच्या कॅशेत ते सहज मावते, ३ मेगाबाइटच्या कॅशेत मावत नाही. तेच चित्र ३८४० गुणिले २१६० चे केले की ३३ मेगाबाइट होते आणि नव्या गोदामालाही जागा अपुरी पडते. खेळ एका फ्रेमसाठी अशी अनेक चित्रे वापरतो, त्यामुळे वास्तव इतके सरळ नसते, पण दिशा हीच असते. लहान पडद्यावर ४०६० चे मोठे गोदाम फेरीबोटीची उणीव झाकते, आणि पडदा मोठा होत जातो तशी ती उणीव उघडी पडते. भाच्याकडे १९२० गुणिले १०८० चाच मॉनिटर आहे.

स्मृतीच्या आकाराचा मुद्दाही बसशीच बांधलेला आहे, हे मला फार उशिरा कळले. ३०६० ला १२ गिगाबाइट आणि त्याच्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या ४०६० ला ८ च, ही उलटी गंगा पाहून अनेकांनी कंपनीवर कंजूषपणाचा आरोप केला, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तांत्रिक कारण असे, की जीडीडीआर६ ची प्रत्येक चिप ३२ बिटांच्या जोडणीवर बसते. १९२ बिटांवर सहा चिपा बसतात, १२८ वर चार. चिप एक वा दोन गिगाबाइटची मिळते, म्हणून ३०६० ला ६ किंवा १२ आणि ४०६० ला ४ किंवा ८, एवढेच सरळ पर्याय होते. २०२१ मध्ये ६ अपुरे दिसले असते म्हणून १२ दिले गेले. २०२३ मध्ये ८ चालून जाईल असे ठरवले गेले. प्लेटच्या दोन्ही बाजूंना चिपा लावून दुप्पट स्मृती बसवता येते, आणि ४०६० टीआयच्या १६ गिगाबाइटच्या आवृत्तीत तसे केलेही आहे, पण साध्या ४०६० च्या नशिबी ते आले नाही.

माझ्या कामात हे चार गिगाबाइट फार मोलाचे आहेत. चित्ररथाच्या आराखड्यात देवतेच्या मूर्तीचे तपशीलवार प्रारूप, कापडाच्या घड्या, दिव्यांच्या माळा आणि रंगांसाठी घेतलेली मोठमोठी पोत-चित्रे एकत्र आली की दृश्य ९-१० गिगाबाइटपर्यंत सहज जाते. १२ मध्ये ते मावते. ८ मध्ये मावले नाही तर उरलेला भाग संगणकाच्या मुख्य स्मृतीत राहतो आणि मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने ये-जा करतो, आणि तो मार्ग कार्डावरच्या बसच्या तुलनेत पाऊलवाट आहे.

पाऊलवाट किती अरुंद, तेही पाहिले पाहिजे, कारण इथे ४०६० ची आणखी एक काटकसर समोर येते. ३०६० हे पीसीआय एक्स्प्रेस ४.० चे १६ मार्गिकांचे कार्ड आहे. ४०६० ची जोडपट्टी तेवढीच लांब दिसते, पण तिच्यात ८ च मार्गिका जोडलेल्या आहेत. नव्या मदरबोर्डवर ८ मार्गिकांतून सेकंदाला १५.७५ गिगाबाइट जातात आणि ते बहुतेकदा पुरेसे ठरते. पण भाच्याचा मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा आहे. तिथे मार्गिकेचा वेग निम्मा होतो आणि ४०६० च्या वाट्याला ७.९ गिगाबाइट उरतात, तर ३०६० ला सोळा मार्गिकांमुळे त्याच बोर्डावर १५.७५ मिळत राहतात. स्मृती भरेपर्यंत याचा फरक जेमतेम जाणवेल. ती भरून एक गिगाबाइट माल बाहेरून आणायची वेळ आली, तर ७.९ च्या वाटेने त्याला सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साठावाच भाग मिळतो. सात-आठ फ्रेम त्यात बुडतात आणि खेळणाऱ्याला झटका बसतो. सरासरी फ्रेमसंख्येत हा झटका दिसतही नाही.

भाच्याच्या प्रकल्पाचा विषय निघाला तेव्हा हिशेब आणखी रंजक झाला. त्याला एखादे लहान भाषा-प्रारूप, म्हणजे मजकूर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, घरच्या कार्डावर चालवून पाहायचे आहे. असे प्रारूप मजकुराचा एकेक तुकडा तयार करताना दर वेळी आपले सगळे वजनांक (शिकून साठवलेले आकडे) स्मृतीतून वाचते, आणि प्रत्येक वजनांकावर क्रिया मात्र मोजक्याच होतात. म्हणजे हे काम फेरीबोटीचे, गवंड्यांचे नव्हे. ७ अब्ज वजनांकांचे प्रारूप ४ बिटांत दाबले तर साधारण ४ गिगाबाइट भरते. ३६० भागिले ४ म्हणजे ३०६० ची मर्यादा सेकंदाला ९० तुकडे, आणि २७२ भागिले ४ म्हणजे ४०६० ची ६८. २४ मेगाबाइटचे गोदाम ४ गिगाबाइटच्या मालापुढे नगण्य आहे, त्याचा इथे उपयोग नाही. प्रत्यक्षात दोन्ही कार्डे या मर्यादेच्या खाली राहतील, पण क्रम बदलणार नाही. १३ अब्जांचे प्रारूप घेतले तर सात-साडेसात गिगाबाइट त्यातच जातात, आणि संवादाचा संदर्भ व पडद्याचे चित्र यांसाठी जागा ठेवायची तर ८ गिगाबाइटचे कार्ड तिथेच अडते.

"पण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी तर याच्यात २४२ आहेत आणि त्याच्यात १०१," असे त्याने लगेच दाखवले. टेन्सर कोअरच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गुणाकारांसाठीच्या खास गणकांच्या, त्या ओळीने मला खरोखर राग आला. ३०६० चा १०१ हा आकडा १६ बिटांच्या संख्यांसाठी आहे, आणि ४०६० चा २४२ हा ८ बिटांच्या संख्यांसाठी. ८ बिटांचा तो प्रकार ॲम्पिअरच्या टेन्सर कोअरना येतच नाही, त्यामुळे जुन्या रकान्यात तो आकडा असूच शकत नव्हता. शिवाय दोन्ही आकडे असे गृहीत धरतात की प्रारूपातील दर चार वजनांकांपैकी दोन शून्य आहेत आणि ते गाळून काम होते. हे गृहीत काढून दोघांना १६ बिटांवर आणले तर ३०६० साठी सुमारे ५१ आणि ४०६० साठी सुमारे ६०.५ टेराफ्लॉप्स उरतात. म्हणजे फरक पुन्हा तोच, १९ टक्के. एका पारड्यात सोललेले नारळ आणि दुसऱ्यात सोडणासकट नारळ घालून वजन केल्यासारखा तो तक्ता आहे. आकडा खोटा नाही, शेजार खोटा आहे.

भरणगतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन्ही कार्डांत ४८ रॉप, म्हणजे चित्राचे ठिपके लिहिणारी एकके, आहेत, म्हणून ठिपके भरण्याचा सैद्धान्तिक वेग केवळ घड्याळावर ठरतो: सेकंदाला ८५ अब्ज विरुद्ध ११८ अब्ज. पोत-चित्रांच्या बाबतीत ११२ आणि ९६ एकके धरून १९९ अब्ज विरुद्ध २३६ अब्ज. दोन्हीकडे नवे कार्ड पुढे आहे. किरण-अनुसरणाचे (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याचे) एकक ४०६० मध्ये एक पिढी पुढचे आहे आणि ब्लेंडरमध्ये दृश्य स्मृतीत मावत असेल तर त्याचा लाभ होतो. एनव्हिडियाचे फ्रेम जनरेशन ४०६० वर मिळते, ३०६० वर नाही, पण दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये अंदाजाने घातलेल्या फ्रेमला मी कार्डाच्या ताकदीत धरत नाही. डोळ्याला चित्र सुरळीत दिसते, हाताला प्रतिसाद लवकर मिळत नाही.

मला स्वतःला ४०६० चा मोह होतो तो एव्ही१ च्या एन्कोडरसाठी, म्हणजे चित्रफीत नव्या पद्धतीने दाबून लहान करणाऱ्या भागासाठी. काल्याच्या रात्रीचे नाटक तीन-साडेतीन तास चालते, अंधाऱ्या रंगमंचावर दोनच दिवे असतात, आणि असे चित्रण जुन्या एच.२६४ मध्ये दाबले की काळोखाचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ४०६० एव्ही१ मध्ये थेट दाबू शकते; ३०६० एव्ही१ उलगडून दाखवते, पण तयार करू शकत नाही. तपशिलाच्या तक्त्यात हे एका बरोबरच्या खुणेएवढे असते, पण माझ्यासारख्याला १९ टक्क्यांपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

आणि वॅट. दोन कार्डांतला फरक ५५ वॅटचा आहे. दिवसाला चार तास पूर्ण भार धरला तर वर्षाला सुमारे ८० युनिट वीज वाचते. पैशांत ही रक्कम कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ आहे, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात हिशेब फक्त पैशांचा नसतो. आषाढात फांदी तारेवर पडली आणि वीज गेली की यूपीएसवर किती मिनिटे मिळतात, यावर रात्रभर चाललेले रेंडर, म्हणजे आराखड्याचे अंतिम चित्र तयार करण्याचे काम, वाचते की जाते ते ठरते. लहान यूपीएसला ५५ वॅट हा बराच मोठा वाटा असतो. मे महिन्यात दमट खोलीत ती उष्णताही शेवटी आपल्याच अंगावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सारे भाच्यापुढे मांडले. खेळच खेळायचे असतील तर ४०६०, आणि प्रकल्प मनावर घेतला असेल तर १२ गिगाबाइटचे ३०६०, मदरबोर्ड जुना असल्याने झुकते माप दुसऱ्याला, असा माझा कौल होता. त्याला तो पटला. तो म्हापशाला परतला, संध्याकाळी त्या दुकानात गेला, आणि ३०६० च्या खोक्याचे छायाचित्र त्याने मला पाठवले. खोक्याच्या कोपऱ्यात ८ जीबी असे छापलेले होते.

२०२२ च्या अखेरीस ३०६० ची आणखी एक आवृत्ती बाजारात आली होती, हे मी पूर्ण विसरून गेलो होतो. नाव तेच, कोअर तेच ३५८४, बूस्ट गती तीच १७७७, म्हणून टेराफ्लॉप्सही तेच १२.७४. फक्त बस १२८ बिटांची केली, स्मृती ८ गिगाबाइटवर आणली आणि बँडविड्थ ३६० वरून २४० वर आली, आणि कॅशेही वाढवली नाही. फेरीबोट एक तृतीयांशाने लहान केली आणि पलीकडे गोदामही बांधले नाही. खेळांच्या चाचण्यांत ते आपल्याच नावाच्या १२ गिगाबाइटच्या भावापेक्षा स्पष्टपणे मागे पडले. फक्त स्मृतीची बाजू बदलून केलेला प्रयोग प्रयोगशाळेत जसा हवा असतो, तसा तो कंपनीने बाजारातच करून दाखवला आहे. भाच्याच्या तक्त्यातला डावा रकाना १२ गिगाबाइटच्या कार्डाचा होता. दुकानातले कार्ड त्या रकान्यातले नव्हतेच.

मग निवड करण्यासारखे काही उरले नाही. त्या आठ गिगाबाइटच्या ३०६० ची १६ मार्गिकांची जोडणी आणि कोअरसारख्या एककांची मोठी संख्या वगळली तर ४०६० कामाच्या कुठल्याही ओळीत त्याच्या मागे नाही, आणि बँडविड्थच्या ओळीतसुद्धा पुढेच आहे. त्याने ४०६० घेतले. प्रकल्पातले १३ अब्जांचे प्रारूप चालवायला तो शनिवार-रविवारी माझ्याकडे येणार आहे, तेव्हा त्या दोन दिवसांसाठी माझे कार्ड मोकळे ठेवायचे तर चित्ररथाची रेंडरे मला शुक्रवारी रात्रीच उरकावी लागतील.